अण्णांच्या बोटीतली कोरी जॅकेटं

दाभोळच्या खाडीत माझ्या चुलत सासऱ्यांनी, अण्णांनी, हौसेची मोटरबोट आणली आणि पहिल्या फेरीचा मान नव्या सुनेला, म्हणजे मला, मिळाला. अण्णांपुढे घरात कोणी बोलत नसे. मला तर पोहताही येत नव्हतं.

"नोंदणी झालीय, परवाना आहे, आणि लाइफ जॅकेटं बघ, माणशी एक!" अण्णा बोटीतून म्हणाले. जॅकेटं होती खरी, पण त्यांच्या घरच्या सोफ्यासारखीच प्लॅस्टिकच्या वेष्टनात.

"घालू का?" मी पुटपुटले.

"मळतील गं! वेळ आली की काढू."

सासूबाई धक्क्यावरच थांबल्या. "भावजी, वेळ आलीय असं समजा. श्वास रोखा आणि तो सोडायच्या आत एक घालून दाखवा."

"हात्तिच्या!" म्हणत अण्णांनी गाल फुगवले. नखांनी ओरबाडलं, दातांनी ओढलं. प्लॅस्टिक ताणलं, पण फाटलं नाही. तोंड लालबुंद झालं आणि श्वास फस्सकन सुटला.

"बुडालात, भावजी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तेही धक्क्याला बांधलेल्या बोटीत."

अण्णांनी मुकाट्यानं कात्री मागवली. जॅकेट चढवताना मी सासूबाईंकडेच बघत राहिले. माझ्या आमटीत मीठ पडलं नव्हतं, तेव्हाही त्या अशाच शांत होत्या.