आठावरचा काटा

“घ्यायचा का न्हाई, एवढंच सांगा चाचा.”

दस्तगीरचाचा बाजारात बैल पारखावा तसा कॉम्प्रेसरच्या टाकीवरून हात फिरवत राहिले.

मिरजेतल्या एका बंद झालेल्या पंक्चरच्या दुकानात तो विकायला होता. सुकुमार चाचांच्या हाताखाली सहा वर्षं गाड्या रंगवायला शिकला होता, आता स्वतःची शेड टाकत होता. पहिलंच काम ॲम्ब्युलन्सचं मिळालं होतं. ते बिघडलं तर पुन्हा कोणी दारात गाडी लावणार नाही, हे त्याला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि दम धरणं वेगळं.

आदल्या दिवशी चाचांनी आपली हवेवर रंग फवारायची गन त्याच्या हाती दिली होती. उस्तादाची गन एकाच शागिर्दाला, अशी त्यांच्यात रीत. तेव्हापासून सुकुमारची मान जरा ताठच होती.

त्यानं टाकीतल्या हवेच्या दाबाचा काटा दाखवला. आठ किलो. टायर भरून दाखवला. मालकही म्हणाला, इतक्या वर्षांत तक्रार नाही.

“तुमच्या शेडमधलं मशीन काम चालू असताना मधीच बंद पडतंय,” सुकुमार म्हणाला. “हे थांबतच न्हाई.”

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं... मग खांद्यावरचा रुमाल काढून काट्यावर टाकला.

“गनमध्ये पाणी भर. ॲम्ब्युलन्सचं छत मार.”

“छत कुठाय हितं?”

चाचांनी ट्यूबवर खूण करायचा खडू उचलला आणि पावलं मोजत फरशीवर एक लांबलचक चौकोन आखला.

सुकुमारनं गन दाबली. पहिला पट्टा धुक्यासारखा बारीक बसला. दुसराही. मोटर सुरू झाली. तिसऱ्या पट्ट्याला फुसफुस उतरली. चौथ्याला फवाऱ्याचे थेंब झाले. टायर घोटभर हवा घेऊन गप्प होतो. छत मागतच राहतं. अर्धा चौकोन अजून कोरडा होता.

कोणी थांब म्हटलं नव्हतं. सुकुमारनंच गन सोडली.

चाचांनी रुमाल उचलला. काटा तिनावर. मोटर धापा टाकत चालूच...

ती ऐकता ऐकता सुकुमारला चाचांची शेड आठवली. तिथं भर कामात मोटर आपोआप बंद व्हायची, टाकी भरलेली असायची, आणि चाचांचा हात तसाच संथ पुढे सरकत राहायचा. ती शांतता त्यानं सहा वर्षं ऐकली होती आणि मशीनची खोड समजला होता. त्याला लाज वाटली. डोळे वर होईनात.

त्यानं मालकाला नको म्हणून सांगितलं. ॲम्ब्युलन्सवाल्यालाही थांबायला सांगावं लागणार होतं. मग त्यानं गन पुसली आणि दोन्ही हातांनी चाचांपुढे धरली.

चाचांनी ती घेतली नाही. शागिर्दाची बोटं गनच्या मुठीवर मिटवली आणि चपला पायात सरकवल्या.

सुकुमार त्यांच्या मागोमाग दाराशी आला. मग हळूच म्हणाला, “आता कसला शोधू, चाचा?”

“मधनंमधनं गप बसणारा.”