घडीतला मोती

आपल्या पणजीच्या पणजीलाही ज्या काळाची आठवण नसेल, त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे राजा कोण होता, त्याचं राज्य केवढं होतं, हे मला विचारू नका. गोष्ट एका कानाची आहे, आणि कान टोचायला राजा लागत नाही.

त्या गावात नरसू नावाचा म्हातारा सोनार राहत असे. दागिने काय, कुठलाही सोनार घडवतो. नरसूचं नाव होतं ते कान टोचण्यात. कानाची पाळी मऊ असते, ती सगळेच टोचतात. पण कानाच्या वरच्या भागात, जिथे कड आत वळते, त्या कडक घडीत एकच मोती घालण्याची रीत फक्त याच गावात होती. जागा भारी अवघड. सुई तिळाएवढी जरी सरकली तरी कान पिकायचा, आणि तिथे पिकलेला कान सहजासहजी बरा होत नसे. आजूबाजूचे सोनार त्या जागेला हात लावायला धजत नसत. नरसूने मात्र दोन पिढ्यांच्या बायकांना मोती घातले होते आणि एकही कान बिघडू दिला नव्हता.

यामागे जादूटोणा नव्हता. त्याची एक पद्धत होती. टोचल्यावर आठव्या दिवशी तो बाईला परत बोलवायचा, समोर बसवायचा आणि विचारायचा, "दुखलं का? पिकलं का? माझं मन राखू नगंस, खरं सांग." बायका खरं सांगायच्या. कुणी म्हणे जरा वर झालं, कुणी म्हणे दोन दिवस ठणकलं. नरसू ऐकून घ्यायचा आणि पुढच्या वेळी हात तेवढा सुधारायचा.

याच गावात कोष्ट्याची सून होती, येसू; तिचं माहेरही इथलंच. बारशाला तिच्या पाळ्या नरसूनेच टोचल्या होत्या, आणि ती दोन लेकरांची आई झाली तरी तो तिला पोरी म्हणूनच हाक मारायचा. त्या वर्षी येसूची आई वारली. जाताना तिने आपल्या कानातला मोती लेकीच्या हातावर ठेवला. वर्षश्राद्धाच्या आत तो कानात घालायचा, असं येसूने ठरवलं आणि ती नरसूकडे गेली.

नरसूने कानामागे भोपळ्याचा काप धरला, घडीत कुंकवाचा ठिपका दिला, पुसला, पुन्हा दिला. मग सुई घातली. येसूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने पदर दातांत धरला, पण आवाज केला नाही. घरी जाऊन आरशात पाहिलं तर मोती घडीच्या खाली उतरला होता. चौथ्या दिवशी कान लालबुंद झाला. सातव्या दिवशी त्यातून पू आला.

आठव्या दिवशी ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून नरसूच्या ओट्यावर गेली. नरसूने नेहमीचा प्रश्न विचारला. पण त्या दिवशी तो तेवढ्यावर थांबला नाही.

"या खेपेला नीट सांग, पोरी," तो म्हणाला. "हल्ली सुईचं टोक मला दोन-दोन दिसतंय. आता थांबावं असं मनात येतं. तुझा कान बिघडला असंल, तर आजच सुई खाली ठेवतो."

येसूने त्याच्याकडे पाहिलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कान टोचायला येणाऱ्या बायका दोन घटका बोलत बसत, एवढाच काय तो त्याचा संसार उरला होता. आपण खरं बोललो तर हा माणूस उद्यापासून कुणाची वाट बघेल? तिचा जीव कळवळला.

"काय बी झालं न्हाई काका," ती म्हणाली. "तुमचा हात अजून फुलावानी हाय."

नरसूने कान बघायला हात पुढे केला. येसू झटकन मागे सरली. "सासूबाईंनी वारा लागू द्यायचा न्हाई म्हणून सांगितलंय."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "म्हंजे मी उगाच भ्यालो गं," असं म्हणून तो मोकळेपणी हसला. ते हसू बघून येसूला वाटलं, आपण पुण्य केलं. खोटं बोलून पुण्य पदरात पडतं असं वाटणारी ती काही पहिली नव्हे. घरी जाऊन तिने हळद-तेलाच्या पट्ट्या बांधल्या. सव्वा महिन्याने कान बरा झाला, मोत्यामागे एक कडक गाठ तेवढी राहिली.

मग एके दिवशी नदीवर तिला कुंभाराची हौसा भेटली. हौसाला दहा वर्षांची एकुलती एक लेक, ठकू. पोरीने मोत्याचा हट्ट धरला होता आणि आईचं मन धजत नव्हतं.

"काकांचं वय झालंय," हौसा म्हणाली. "तू नुकतीच टोचून घेतलीस म्हणून तुला इचारते. खरं सांग, हात हलतो का गं त्यांचा?"

येसूच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण आता खरं सांगायचं म्हणजे आधीचं खोटं उघडं पडणार. आपल्याच कानात काही दोष असेल, एकदा चुकलं म्हणजे दरवेळी थोडंच चुकतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

"बिनघोर घिऊन जा," ती म्हणाली.

ठकूचा कान तिसऱ्याच दिवशी सुजला. पोर तापाने फणफणली. अकरा दिवस ती शुद्धीत नव्हती. शेवटी वैद्याने कानाचा वरचा अर्धा भाग कापून काढला, तेव्हा कुठे जीव वाचला. पोर उठली, हिंडू-फिरू लागली. पण अंगणात मुलांचा खेळ रंगला की ती वेणी कानावर ओढून धरायची आणि घरात निघून जायची.

सगळा गाव नरसूवर उलटला. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच दारावरून जाताना तोंड फिरवलं. नरसू कुणालाही उलट बोलला नाही. "दोष माझाच," एवढंच म्हणायचा.

येसूला हे बघवेना. ती नरसूकडे गेली, पायांशी बसली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. नरसूने हात पुढे केला. या वेळी ती मागे सरली नाही. त्याने बोटांनी तिचा कान चाचपला, मोत्यामागची गाठ चाचपली.

"किती दिस?" त्याने विचारलं.

"सव्वा महिना, काका."

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "डोळं तर कवाच गेलं व्हतं माझं. तुम्ही सांगत व्हता म्हणून मला दिसत व्हतं. तू न्हाई सांगितलंस, आन् मी आंधळ्यावानी त्या लेकराच्या कानात सुई घातली. माझ्यापाशी रडून काय व्हणार, बाई? हौसाकडं जा."

येसू हौसाकडे गेली. हौसा अंगणात माती मळत होती. येसूने उभ्याउभ्याच सांगितलं. आपला कान पिकला होता हे सांगितलं, म्हाताऱ्याने थांबायची तयारी दाखवली होती हेही सांगितलं. ही आता शिव्याशाप देईल, झिंज्या धरील, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला हलकं तरी वाटलं असतं. हौसाचे हात मातीतच थांबले.

"मी तुला इचारलं व्हतं गं, येसू," ती म्हणाली. "तुलाच इचारलं व्हतं."

एवढं बोलून तिने खाली मान घातली आणि ती माती मळू लागली. पुढे सगळा जन्म दोघी एकाच गावात, शेजारच्याच आळीत राहिल्या, पण हौसा येसूशी पुन्हा एक अक्षर बोलली नाही. नरसूनेही पुन्हा सुईला हात लावला नाही, आणि तो गेल्यावर घडीत मोती घालायची विद्याही त्या गावातून गेली.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: विश्वासाने खरं विचारणाऱ्याला त्याचं मन राखण्यासाठी खोटं सांगितलं, तर त्या खोट्याची जखम भलत्याच निरपराध जिवाला होते.