विहिरीतून काढलेलं कासव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फवारणीचे पंप नुकतेच आले होते आणि माणसांना जनावरांचं बोलणं अजून कळत होतं.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून एका गावाने विहिरीत कासव सोडलं होतं. शेवाळ, किडे, मेलेले बेडूक, सगळं ते निमूट खायचं. मान वर केली की त्याला गोल आभाळ तेवढं दिसायचं.

एका वर्षी पाण्याला वास येऊ लागला. पोरांना जुलाब लागले, गिरजेचं तान्हं तर गेलंच. गाव विहिरीवर जमलं.

"हे कासवच घाण करतंय," रंभाजी म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. टोपली सोडून त्यांनी कासवाला वर काढलं.

कासवाने पहिल्यांदाच विहिरीचा काठ पाहिला. दहा पावलांवर उकिरडा होता आणि त्याचं काळं पाणी विहिरीकडेच झिरपत होतं. शेजारी काहीजण म्हशी धूत होते. काठावर रंभाजीचा फवारणीचा पंप होता, नुकताच विसळलेला.

कासव भडकलं. "तुमची घाण गिळण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्यावरच ढकलता? लाज नाही वाटत? रंभाजी, पंप कुठे विसळतोस ते सांग की गिरजेला!"

रंभाजीने एक बादली पुढे ओढली. "म्हातारं झालंय ते. आपण नवं आणलंय."

बादलीत दुसरं कासव होतं. म्हातारं कासव त्याला म्हणालं, "उतरायच्या आधी चहूकडे बघून घे. पुढचं पोर गेलं की तुझ्यावर ढकलणार आहेत."