मोराची जाळी

पूर्वी एका छपाईघरात कुंदाताईंची कापडावर नक्षी छापायची रेशमी जाळी होती. तिची काही छिद्रं उघडी होती, बाकीची लाखेनं बुजवलेली. उघड्या छिद्रांतून रंग उतरला, की खाली अंथरलेल्या पडद्याच्या कापडावर वारली मोर उमटे.

"आम्ही मोर काढतो, तुम्ही नुसत्या झोपा काढता!" उघडी छिद्रं बुजलेल्यांना चिडवत.

एकदा जाळी धुताना मोराच्या डोक्याजवळचा लाखेचा टवका उडाला. पुढच्याच पडद्यावर रंग भसकन उतरला नि मोराचं डोकं बुडालं.

"अगं बाई! ही जाळी आता टाकावीच लागणार की काय?" ताई हळहळल्या. उघडी छिद्रं घाबरली.

पण ताईंनी जाळी उजेडाकडे धरून तिथं पुन्हा लाख लावली. मोर मान उंचावून उमटला.

"बायांनो, तुम्ही रंग अडवता म्हणून आमचा मोर दिसतो," उघडी छिद्रं म्हणाली.

"बरं, मग आता झोपू द्या की!"