कुंपणाबाहेरची गोकर्ण

एक संस्थान होते. ते इतके लहान, की राजाला शिंक आली तर सीमेवरचा पहारेकरी तिथूनच 'शतायुषी व्हा' म्हणे. त्या संस्थानात एक चोपदार होता.

चोपदाराचे काम दरबारात उभे राहण्याचे. चांदीच्या मुठीची काठी हातात धरायची आणि कोणी मोठा माणूस आत आला की त्याचे नाव किताबासकट खणखणीत पुकारायचे. मोठा माणूस मग आपल्या गादीवर बसे. चोपदार उभाच. अशी तेहतीस वर्षे गेली. तेवढ्या काळात दरबारात किती माणसे येऊन बसली याला गणती नाही, आणि त्यांतली बरीचशी बसण्यापलीकडे दुसरे काही करतही नसत. चोपदाराच्या पायांच्या शिरा मात्र वेलीसारख्या वर आल्या. शेवटी एके दिवशी काठी परत घेऊन, हातात नारळ देऊन, त्याला घरी पाठवण्यात आले.

घरी बायको होती, आड होता, आणि गल्लीला लागून बायकोने हौसेने लावलेली बाग होती. मोगऱ्याच्या ताटव्याशेजारी तिने आडावरचा धुण्याचा जुना काळा दगड लोटत आणून ठेवला होता. नवरा घरी बसला म्हणजे संध्याकाळी दोघांनी इथे टेकायचे, हे तिने फार वर्षांपूर्वी ठरवले होते. दगडाला याची कल्पना होती. नवऱ्याला नव्हती.

"बसा आता," पाडव्याच्या दिवशी ती म्हणाली.

चोपदार गुडघ्यावर हात ठेवून वाकलाही. तेवढ्यात गल्लीत दवंडी आली: ज्याच्या घरची बाग पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत फुललेली राहील, त्याला दसऱ्याच्या दरबारात बैठकीचा मान मिळेल हो!

चोपदार अर्धा वाकलेला होता, तो सरळ झाला.

"बसेन तर दरबारात," तो म्हणाला. "इथे काय ठेवलंय? दगड!"

"दगडच आहे तो," बायको म्हणाली. "मी कुठे गादी म्हणाले?"

त्या दिवसापासून बागेतले फूल तोडायला बंदी झाली. चोपदाराचा तर्क सरळ होता. बाग फुललेली म्हणजे झाडावर फुले असलेली. तोडलेले फूल म्हणजे झाडावरून गेलेले. सरळ तर्कात खोट एवढीच असते, की झाडांच्या कानावर तो घातलेला नसतो.

चैत्र-वैशाखात मोगरा असा आला की गल्लीतून जाणारी माणसे उगाच दोन वेळा जात. चोपदार सकाळ-संध्याकाळ आडाचे पाणी ओढून घाली. एकेका घागरीगणिक त्याचे पाय कुरकुरत आणि तो त्यांना दसऱ्याची आशा दाखवी.

"ओंजळभर फुलं घेते," एका संध्याकाळी बायको म्हणाली. "एक गजरा करीन म्हणते. कितीतरी वर्षांत माळला नाही."

"दसऱ्यानंतर."

"दसऱ्यानंतर मोगरा नसतो."

"मग पुढच्या चैत्रात. मोगरा काय पळून चाललाय?"

"खाली पडलेली तरी घेऊ?"

चोपदाराने विचार केला. "नको. पडलेलीही शोभतात."

मोगरा पळून गेला नाही हे खरे. तो फांदीवरच तांबूस झाला, मग वाळला, आणि काळ्या दगडावर गळून पडला. त्या उन्हाळ्यात त्या दगडावर बसले ते मोगऱ्याचे फूल तेवढे.

"अहो, खुडलं म्हणजे झाडाला नवा फुटवा येतो," बायकोने एकदा समजावून पाहिले. "न खुडलेलं झाड बी धरतं, आणि मग म्हणतं, माझं काम झालं."

"तेहतीस वर्षं दरबार राखला मी. चार झाडं राखता येणार नाहीत?"

"दरबार कधी फुललाच नाही. त्यामुळे ते सोपं होतं."

यावर चोपदार घागर उचलून आडाकडे वळला. दरबाराविषयी खरे बोलायची त्याला सवय नव्हती.

आता त्या गावात एक जुनी रीत होती. देवाला वाहायची फुले दुसऱ्याच्या कुंपणावरून आणायची. आपल्या दारची असतात ती शोभेची. देवाची ती शेजारची. यात कोणाला चोरी वाटत नसे, कारण प्रत्येकाची फुले कोणी ना कोणी तोडतच असे, आणि 'कुठून आणलीस?' असे देवाने आजवर एकालाही विचारले नव्हते. पहाटे उजाडता उजाडता परड्या निघत. त्यांच्या पुढे असायची शेजारची आक्का. वय सत्तर, कंबर वाकलेली, पण हातातली फांद्या ओढायची आकडी अशी सरळ, की वाटावे, हिच्या वाटचे सगळे ताठ उभे राहणे त्या बांबूलाच मिळाले.

चोपदार आता पहाटेपासून बागेत उभा राहू लागला. चांदीच्या मुठीची काठी गेली होती, म्हणून तुरीची काठी घेऊन. कुंपणावर गोकर्णीचा वेल होता. तो जरा हलला की दरबारी आवाज उठे, "होशियार! कोण आहे तिकडे?"

"मी आहे मी, चोपदारबुवा!" पलीकडून आक्का म्हणे. "पुकारा ना, किताबासकट पुकारा! उभ्या जन्मात कोणी पुकारलं नाही मला."

आणि पाच-सहा बायका खुदुखुदू हसत.

आतल्या बाजूला चोपदाराने एका पाकळीला हात लागू दिला नाही. बाहेरच्या बाजूचे मात्र जमेना. बाहेर जायचे तर आडाला वळसा घालून फाटकातून जावे लागे, आणि पाय असे, की तो पोचेपर्यंत परड्या आपापल्या देवघरात गेलेल्या असत. एकदाच त्याला गल्लीच्या टोकाला हिरवी शाल लगबगीने वळताना दिसली. तो रागाने घरी परतला, तर बायको चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली. तिलाही धाप लागली होती.

"काय झालं?" त्याने विचारले.

"लाकडं ओली आहेत," ती म्हणाली.

श्रावण आला. वारावाराची पूजा आणि घरोघरच्या मंगळागौरी. परड्या दुप्पट झाल्या. चोपदाराच्या देवघरातही रोज ताटलीभर निळी फुले असत.

"ही कुठून आणलीस?" त्याने देवापेक्षा जास्त चौकशी केली.

"गावच्या रीतीप्रमाणे," बायको म्हणाली.

म्हणजे शेजारची. चोपदाराचे समाधान झाले. दुसऱ्याच्या बागेतली फुले कमी होत असतील तर त्याची ना नव्हती.

भाद्रपदात त्याला काहीतरी बिनसल्यासारखे वाटू लागले. झेंडूची डोकी तपकिरी पडली आणि खाली माना घालून उभी राहिली. गोकर्णीच्या आतल्या बाजूला फुलांच्या जागी शेंगा लोंबू लागल्या, चपट्या, वाळक्या, वारा आला की खुळखुळणाऱ्या. तेरडा तर कधीच बिया उडवून मोकळा झाला होता. चोपदाराने आणखी पाणी घातले. पाऊस पडत असतानाही घातले. झाडे ते प्यायली आणि स्वस्थ राहिली. त्यांचे काम झाले होते.

पाय सुजले. वैद्याने पाहिले आणि सांगितले, "बुवा, उभं राहणं सोडा. नाहीतर पाय तुम्हाला सोडतील."

"थोडे दिवस राहिले, वैद्यराज. दसऱ्याला बसतोच आहे."

रात्री बायको पायांना कोमट तेल लावी. आता काही मागत नसे. मागणारा माणूस मागायचे थांबला की घरात एक प्रकारची शांतता येते. चोपदाराला ती शिस्त वाटली.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी राजवाड्याच्या बागांचे दरोगा पाहणीला आले. घामाघूम, वहाणेत खडा गेलेला, आणि अजून अकरा बागा बाकी. ते गल्लीतून आले आणि कुंपणापाशी येऊन थबकले. वेलावर पानापेक्षा फूल जास्त होते. कुंपण खालपासून वरपर्यंत नुसते निळे. कुंपणाच्या फटींतून बाहेर डोकावलेल्या झेंडूवर कळ्यांवर कळ्या. गल्लीतल्या बायका नुकत्याच तोडून परड्या भरून बाजूला उभ्या होत्या, तरीही.

"वा!" दरोगा म्हणाले. "बैठक इथेच!"

चोपदार आतून लंगडत फाटकापर्यंत आला. त्याने स्वतःचे कुंपण बाहेरून सहा महिन्यांत पहिल्यांदाच पाहिले. पाहतच राहिला.

मग दरोगा आत गेले. आतून त्याच कुंपणावर शेंगा खुळखुळत होत्या. तपकिरी झेंडू मान खाली घालून उभे होते. मोगऱ्याच्या काटक्या. सबंध बागेत जिवंत रंग एकच होता, कोपऱ्यातल्या कुंडीत त्या सकाळी उमललेली पहिली पिवळी शेवंती.

"हे काय?" दरोगा म्हणाले. "बाहेरून बाग आणि आतून बियाण्याची कोठी? एकाच वेलाला दोन ऋतू?"

चोपदाराने एक वाळकी शेंग हातात घेतली. बायकोने सांगितलेले त्याला आठवले, आणि ते आठवायला फार उशीर झाला हेही लगेच समजले.

दरोगा दमले होते. त्यांनी वहाणेतला खडा काढला आणि आवाज खाली आणला. "हे पाहा चोपदार, तुमचे पाय मला दिसतायत. मी आत आलोच नाही असं समजू. बाहेरून पाहिली, फुललेली होती, एवढंच कळवतो. कोणी विचारलं तर फक्त म्हणा, सगळी बाग मी राखली. उद्या या दरबारात आणि बसा."

किती सोपे होते! एक वाक्य. त्यानंतर गादी. चोपदाराच्या पायांनी तर होकार देऊनही टाकला.

त्याने बाहेर पाहिले. बायका अजून फाटकाशी उभ्या होत्या, निकाल ऐकायला. पुढे आक्का, आकडीवर हनुवटी टेकून. आणि आक्काच्या मागे एक हिरवी शाल. शालीच्या आड परडी, परडीत निळी फुले. शाल त्याच्या ओळखीची होती. गेल्या दिवाळीला त्यानेच आणली होती.

"तू?" तो म्हणाला. "स्वतःच्याच कुंपणाची फुलं?"

"आतून मनाई होती," बायको म्हणाली. "बाहेरून गेले."

"रोज?"

"रोज. मागच्या दारानं, गल्लीला वळसा घालून. देव घरात फुलांवाचून ठेवू का?"

"एकदा सापडली असती तुम्हाला," आक्का म्हणाली. "पण धावते बरी, हो!"

दरोगांनी घाई केली. "काय ते लवकर बोला. अकरा बागा आहेत मला."

चोपदार काठी सावरून ताठ उभा राहिला. तेहतीस वर्षांत त्याने शेकडो किताब पुकारले होते. काही माणसे त्या किताबांना शोभत नव्हती, पण तो दोष किताब देणाऱ्याचा. एकाचा किताब दुसऱ्याला त्याने कधी जोडला नव्हता. तेवढीच त्याची कमाई होती. त्याने तुरीची काठी जमिनीवर तीनदा आपटली, छाती भरून घेतली, आणि शेवटचे म्हणून पुकारले:

"होशियार! आतली बाग वाळवणारा, तो मी, माजी चोपदार! बाहेरची बाग फुलवणाऱ्या, आकडीबहाद्दर आक्कासाहेब आणि समस्त परडीवाल्या! आणि त्यांत कुंपणाची मूळ मालकीण, माझी पत्नी! निगाह रखो!"

मग आक्काने पदराने डोळे पुसले. "मेल्या," ती म्हणाली, "खरंच पुकारलंस रे."

दरोगांनी मान हलवली. "नियमात फुलं तोडणाऱ्यांना बैठक नाही. आणि न तोडणाऱ्याची बाग फुललेली नाही. मी काय करणार?" आणि ते घाईघाईने पुढच्या बागेकडे गेले. बैठकीचा मान त्या वर्षी एका सरदाराला मिळाला. त्याची बाग आदल्या संध्याकाळी कुंड्या आणून फुलवली होती, आणि कुंड्या राजवाड्याच्याच होत्या, असे लोक म्हणत. त्याला बसायला आधीच एक गादी होती. आता दोन झाल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी दूर दरबाराचा नगारा वाजू लागला. चोपदाराने काठी भिंतीला टेकवली. काळ्या दगडावरचा मोगऱ्याचा वाळका पाला हाताने झाडला आणि हळूहळू, एकेक गुडघा समजावत, तो दगडावर बसला. दगड दिवसभराच्या उन्हाने ऊबदार होता. चोपदाराने इतका मोठा सुस्कारा सोडला की शेंगा खुळखुळल्या.

थोड्या वेळाने तो पुन्हा उठला. बायको म्हणाली, "आता कुठे?"

तो कोपऱ्यातल्या कुंडीपाशी गेला, शेवंतीचे एकुलते एक फूल खुडले आणि तिच्यापुढे धरले.

"गजरा होणार नाही," तो म्हणाला. "मोगराही नाही."

"नाही," ती म्हणाली. फूल तिने अंबाड्यात खोचले. तिच्या अंबाड्यात आता केस थोडे होते. फूल दोनदा घसरले, तिसऱ्यांदा राहिले. "सरका जरा तिकडे. दगड दोघांसाठी आणला होता."

तो सरकला. दोघे बसली. कुंपणापलीकडे वेल हलला, पण चोपदाराने 'कोण आहे' असे विचारले नाही.

तात्पर्य: फूल राखून ठेवले तर निदान त्याचे बी तरी होते; सुख राखून ठेवले तर तेही होत नाही.