फक्त एक बोट

“पायाच पडायचं नाही, तर आशीर्वाद मिळायचा कसा?”

हर्षदानं विचारलं ते समोरच्या महाराजांना. पण महाराज कंबोडियाचे आणि प्रश्न मराठीत. त्यामुळं तो मध्येच गाइड बोरेयच्या तोंडावर जाऊन आदळला. बोरेय आपला दोन्ही हात हलवत उभा. “नहीं दीदी, नहीं! छूना नहीं! लेडीज छूना नहीं!”

झालं होतं ते असं. गावातल्या त्या देवळाच्या अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या, कडेवरच्या लेकरासकट हर्षदा झटकन खाली वाकली. आपल्याकडं वाकतात तशी. आणि बांबूच्या बाकावर पाय सोडून बसलेले ते म्हातारे भिक्खू, बाकाखाली उंदीर दिसावा तसे दोन्ही पाय वर घेऊन बसले.

तिचा नवरा धैर्यशील मागे मोबाइल धरून उभा होता. त्याला हसू आवरेना.

“अगं, इतक्या लांबचा साधू. त्यालाही घाबरवलंस?”

“गप बसा ओ तुम्ही!”

ती पार कावरीबावरी झाली. साधूनं पाय आखडून घेतले म्हणजे काय समजायचं? आपलं काही चुकलं? का लेकराच्या नशिबातच काही वाईट दिसलं यांना…?

बोरेयनं समजावलं. यात राग नाही, अपमान नाही. इथल्या भिक्खूंचा नियमच आहे तसा. बाईला शिवायचं नाही, आणि बाईच्या हातातून हातात काही घ्यायचं नाही. तोही त्यांना ‘लोक ता’ म्हणत होता, म्हणजे आजोबा महाराज. सगळं गावच म्हणत होतं.

बोरेयला हिंदी येत होती. तरुणपणी भारतातून देवळांच्या दुरुस्तीला आलेल्या लोकांबरोबर त्यानं काम केलं होतं. लोक ता बोलायचे, बोरेय ते हिंदीत सांगायचा, आणि हर्षदाच्या कानात पोचेपर्यंत त्याचं मराठी झालेलं असायचं. तिचं बोलणं त्याच वाटेनं उलटं जायचं.

लोक तांनी पाय हळूच पुन्हा खाली सोडले. एक डोळा मात्र हर्षदावर ठेवला.

“काय पाहिजे पोरीला?”

हर्षदाचे डोळे लगेच भरून आले.

“हा चालू दे, महाराज. एवढंच.”

अधिराज पावणेदोन वर्षांचा झाला होता आणि अजून चालत नव्हता. बरोबरीची पोरं गल्लीत पळत होती. सासूबाई तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, पण शेजारच्या पोराला “काय पळतोय गं माझा वाघ” असं मोठ्यानं म्हणायच्या. हर्षदाला रात्री झोप लागायची नाही. डॉक्टरांनी पाय तपासले, कंबर तपासली, म्हणाले, “सगळं ठणठणीत आहे. खाली सोडत जा.” तिनं डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला.

ही सहल धैर्यशीलला मिळाली होती पाइपांच्या दुकानामुळं. कंपनीची स्कीम होती. बाकीचे दुकानदार घोळक्यानं थायलंडला निघाले होते. पण लहान लेकराला घोळक्यात नको म्हणून त्यानं ही वेगळी टूर घेतली. आपली गाडी, आपला गाइड, वाटेल तिथं थांबायचं. आणि त्यातून जगातलं सगळ्यात मोठं विष्णूचं देऊळ बघायला मिळणार. हर्षदा त्या एका गोष्टीवर यायला तयार झाली होती. एवढ्या मोठ्या देवळातला देव ऐकेल तरी.

पण देऊळ तिला दिसलं कुठं?

अंकोरवाटच्या लांबलचक भिंतीवर देव आणि राक्षस वासुकी नागाला धरून समुद्र घुसळत होते. बोरेय जीव तोडून सांगत होता. हर्षदाचं लक्ष खाली. “अहो, इथली फरशी उखडलीय बघा. पोर पडलं तर?”

झाडांच्या मुळांनी गिळलेल्या देवळापाशी धैर्यशील म्हणाला, “बाप रे, काय हे!” तीही म्हणाली, “बाप रे, केवढ्या या मुंग्या!”

अंकोरवाटच्या अगदी वरच्या मजल्यावर लहान मुलांना सोडत नाहीत. बोरेय म्हणाला, बाळ मी सांभाळतो, तुम्ही दोघं जाऊन या. धैर्यशील एकटाच गेला. हर्षदा खाली सावलीत बसून पोराला वारा घालत राहिली.

“आलोय तिघं,” वरून उतरून धापा टाकत तो म्हणाला, “आणि पाय वापरतोय मी एकटा.”

मग दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बोरेयनंच विषय काढला. आमच्या गावाकडं एक लोक ता आहेत. बायका लेकरं घेऊन जातात त्यांच्याकडं. ते पाणी शिंपडतात, मनगटाला लाल दोरा बांधतात… हर्षदानं त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. “गाडी वळवा.”

तर अशी ती इथं आली होती.

लोक ता अधिराजकडं बघत होते. अधिराज त्यांच्या टकलाकडं बघत होता.

“पाय दाखव.”

हर्षदानं पोराचा एक बूट काढला. मग मोजा. मग त्याच्या आतला पातळ मोजा. मग दुसऱ्या पायाचं तसंच. तळवे निघाले गुलाबी, मऊ, लोण्यासारखे.

लोक तांनी पुढं वाकून निरखून बघितलं.

“नवे आहेत.”

“हो, महाराज.” हर्षदाला बरं वाटलं. “जपलेत मी. अजून एकदाही मातीला लागू दिले नाहीत. आमच्या चाळीत विचारा कुणालाही, माझ्याइतकं पोराला जपणारी दुसरी दाखवा म्हणावं.”

“हूं…”

तेवढंच. लोक ता ताडाच्या पानाच्या पंख्यानं वारा घेत राहिले.

हर्षदाला वाटलं, रिकाम्या हातानं आलो म्हणून काही बोलत नाहीत. तिनं रस्त्यात घेतलेली केळी पिशवीतून काढली आणि त्यांच्यापुढं धरली. लोक तांनी हात पुढं केला नाही. शेजारची घडी घातलेली पिवळी छाटी उचलली, पुढं जमिनीवर पसरली, आणि तिचं एक टोक बोटांत धरून बसले.

“नीचे रखो,” बोरेय हळूच म्हणाला. “कपडे पे. फिर वो लेगा.”

तिनं केळी छाटीवर ठेवली. हात मागं घेतला. मग लोक तांनी छाटी आपल्याकडं ओढली, केळी उचलली आणि खूश होऊन त्यातलं एक सोलायलाच घेतलं.

“अजून दुपार व्हायचीय,” बोरेय म्हणाला. “दुपारनंतर खात नाहीत ते.”

लोक तांनी केळं संपवलं. साल बाजूला ठेवली. छाटी झटकून पुन्हा तशीच पसरली. टोक बोटांत धरलं.

“आण.”

हर्षदानं इकडंतिकडं बघितलं. “काय आणू?”

“पोर.”

“याला? …खाली?”

“बाईच्या हातातून मी घेत नाही.”

अंगण शेणानं सारवलेलं नव्हतं की फरशीचं नव्हतं. साधी लाल माती. एक कुत्रं सावलीत पडलेलं. एक कोंबडी आपली पिल्लं घेऊन फिरत होती आणि काय काय टोचत होती. हर्षदानं पोराला आणखी घट्ट धरलं.

मग तिला सुचलं. “अहो, तुम्ही द्या! तुम्ही पुरुष आहात. तुमच्या हातातून घेतील की ते.”

“आण इकडं,” म्हणत धैर्यशीलनं मोबाइल खिशात टाकला आणि हात पुढं केले.

लोक तांनी पंखा आडवा धरला.

“मागितलं कुणी?”

“मी, महाराज,” हर्षदा म्हणाली.

“मग ठेव तूच.”

धैर्यशीलनं हात मागं घेतले. मोबाइल पुन्हा बाहेर काढला. “मी आपला शूटिंगवाला.”

आता काय करणार? हर्षदानं पिशवी उघडली. ओले कागद काढून छाटी पुसली. छाटीवर पोराची दुपटी घातली. दुपट्यांवर प्लास्टिकची चटई. चटईवर आपली ओढणी चौघडी करून. मग हाताला जंतुनाशक लावलं, पोराच्याही हाताला लावलं, आणि लोक तांकडं बघून जरा संकोचली. त्यांनाही लावावं असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

लोक ता त्या ढिगाकडं बघत होते.

“यातलं मी काय घ्यायचं?”

बोरेयनं हे हिंदीत सांगितलं आणि स्वतःच फिसकन हसला. धैर्यशील तर पाठ फिरवून हसत होता, त्याचे खांदेच हलत होते.

हर्षदाचा चेहरा लाल झाला. तिनं ओढणी उचलली. चटई उचलली. दुपटी उचलली… उचलताना जीव जात होता. मग उरलेल्या छाटीवर तिनं अधिराजला बसवलं.

पोर बसलं. उघड्या पायांनी.

लोक ता काही हलले नाहीत.

“घ्या ना, महाराज.”

“अजून तुझ्याच हातात आहे.”

होतं खरं. मागून सदऱ्याच्या कॉलरमध्ये तिनं बोट अडकवून ठेवलं होतं.

“एकच बोट आहे, महाराज. फक्त एक.”

“बोटासकट घेता येत नाही.”

बोट तिथंच राहिलं.

कुत्र्यानं मान वर करून बघितलं आणि परत टाकली. दूर कुठंतरी ताडाचा गूळ शिजत होता, त्याचा खमंग वास येत होता. धैर्यशीललाही आता हसायचं सुचत नव्हतं. तो मोबाइल तसाच धरून बायकोच्या त्या बोटाकडं बघत होता.

“हर्षदा…” तो हलकेच म्हणाला.

“थांबा की. सोडते.”

पण सुटेना. पोर झोपलं तरी ती त्याच्या श्वासावर हात ठेवून झोपायची. स्वैपाक करताना पाय लांब करून त्याच्या अंगाला लावून ठेवायची. आपण सोडलं की काहीतरी होणार, हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं स्वतःचं नावही नव्हतं.

“पडला तर…?”

लोक तांनी जमिनीकडं बघितलं. कुठवर खाली आहे ते मोजावं तसं. मग तिच्याकडं बघितलं.

हर्षदानं डोळे मिटले आणि बोट काढून घेतलं.

काही झालं नाही.

तिनं डोळे उघडले. पोर छाटीवर बसलेलंच. त्यानं मातीत हात घातला. मूठ वळली. मूठ उघडून बघितली. मग बाकाचा पाय धरून उभं राहिलं. तेवढं ते घरीही राहायचं, पलंगाला धरून, तिच्या दोन हातांच्या मध्ये.

कोंबडी पिल्लं घेऊन समोरून निघाली.

पोराचा हात बाकावरून सुटला.

“अगं बाई!” हर्षदा झेपावली.

आणि तिच्या नाकासमोर पंखा आला.

लोक तांनी तिला शिवलं नाही. कसं शिवणार? नुसता तो रुंद पंखा तिच्या तोंडापुढं धरला. ती डावीकडं सरकली, पंखा डावीकडं. ती उजवीकडं, पंखाही उजवीकडं. पंखा ढकलावा तर हात भिक्खूला लागणार. तिला एवढा राग आला, एवढी भीती वाटली, आणि तरी ती जागच्या जागी थांबली.

“महाराज, मला दिसत नाही हो!”

“हूं…”

“अहो! पडला का तो?”

धैर्यशीलचा आवाज नाही.

“बोरेयदादा! क्या हुआ?”

बोरेयचाही नाही.

पंख्यावर ताडाच्या पानाच्या रेघा होत्या. हर्षदाला त्या रेघांपलीकडं काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. आधी पिल्लांची चिवचिव. मग कोंबडीचा कलकलाट. मग धप्प असा एक आवाज…

रडण्याची वाट बघत ती उभी राहिली.

रडणं आलं नाही. हसू आलं. पोर खदखदून हसत होतं, पोट धरून हसावं तसं. तिच्या गुदगुल्यांनी ते असं कधी हसलं नव्हतं.

पंखा खाली झाला.

अधिराज अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मातीत बसला होता, चड्डी लाल, हात लाल, हनुवटीला माती. समोर कोंबडी पिसं फुलवून त्याला रागं भरत होती. तो तिला टाळ्या वाजवून दाखवत होता.

“तिथवर… कसा गेला?”

“चालत!” धैर्यशील ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “चालत गेला गं! हात वर करून, डुलत डुलत! मग कोंबडी वळली तसा बसला धप्पकन!”

“चलके गया, दीदी! चलके!” बोरेय तर नाचायलाच लागला.

“शूटिंग? दाखवा, दाखवा मला!”

धैर्यशीलनं मोबाइल बघितला. उलटापालटा करून बघितला. त्याचं तोंड उतरलं.

“अगं… बटणच दाबायचं राहिलं.”

हर्षदा मटकन खाली मातीत बसली. काही अंथरायचंही तिला सुचलं नाही. तिला हसावं का रडावं कळेना. दोन्ही एकदम आलं. नाक पुसत, हसत, ती लोक तांवर खरंच रागावली. इतक्या मोठ्या महाराजांवर कुणी रागावत नाही, पण ती रागावली.

“पावणेदोन वर्षं वाट बघितली मी, महाराज! दिवसरात्र बघितली! आणि माझ्याच लेकराची पहिली पावलं मलाच दिसली नाहीत!”

बोरेयनं जरा भीतभीतच ते त्यांच्या भाषेत सांगितलं.

लोक ता पंख्यानं वारा घेत राहिले. पलीकडं अधिराज पुन्हा उठायच्या खटपटीत होता. दोन्ही हात मातीत, ढुंगण वर.

“त्यालाही दिसली नाहीत, पोरी,” लोक ता म्हणाले. “तो कोंबडीकडं बघत होता.”