खायला काढलेलं अंडं

एका वाडीत चांगुणाबाई नावाची एक सासू राहत होती. तिला अंड्यातलं सगळं कळायचं. छपराच्या भोकातून येणाऱ्या कवडशात ती अंडं धरायची, एक डोळा मिटायची आणि सांगायची, "हे कोंबडीखाली बसवा," नाहीतर "हे खाऊन टाका." वाडीतल्या बाया पदरात अंडी घेऊन तिच्याकडे यायच्या. प्रत्येकीला ती एकच गोष्ट बजावायची, "बसवायचं अंडं धुवू नका गं. घाण असली तर असू दे. धुतलं की मेलं."

तिला एक मुलगा होता, हणमंत. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. त्याची बायको मंदा अबोल होती. अबोल माणसाला डोळेही नसतात, असं त्या घरात सगळ्यांना वाटायचं.

नवराबायको तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. बाईंनी समजावून सांगितलं, "रक्त तपासून बाईच्या पोटात अंडी साधारण किती उरलीत याचा अंदाज येतो. ती कशी आहेत, हे त्यावरून सांगता येत नाही. आणि नुसत्या अंड्यानं पिल्लू होत नाही. पुढच्या वेळी दोघांच्या तपासण्या करू."

"दोघांच्या?" घरी चांगुणाबाईनं विचारलं. "माझ्या पोराला कशाला तपासायचं? त्याला काय मिशा नाहीत?"

हणमंतनं मिशीवरून हात फिरवला आणि जमिनीकडे पाहिलं.

"ती डॉक्टरीण रक्तातली अंडी मोजते. मी जन्मभर उन्हातली बघितलीत," चांगुणाबाई म्हणाली. "आपण देवीचा कौल लावू. मंदा स्वतःच्या हातानं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवेल. पिल्लं निघाली, तर जा दोघं खुशाल तालुक्याला. नाही निघाली, तर हिनं माहेरी जायचं. माझ्या बहिणीच्या गावची एक पोरगी मी बघून ठेवलीय."

वाडीत ही गोष्ट पसरली. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

ठरल्या दिवशी चांगुणाबाईनं कवडशात अंडी पारखली. एक बारकं, चिखलानं माखलेलं अंडं तिनं बाजूला सारलं. "हे खायला," ती म्हणाली. बाकीची पाटीत घालून ती एकटीच परसात गेली. देवीकडे तोंड करून हात जोडून येते, म्हणाली. यायला तिला बराच वेळ लागला.

मग मंदा एकेक अंडं भुशात मांडू लागली. अंडी गार लागत होती. एकावरही घाणीचा ठिपका नव्हता. सगळी घासलेल्या भांड्यासारखी चकाकत होती. मंदानं सासूकडे पाहिलं. सासूनं कोंबडीकडे पाहिलं. सासू कोंबडी उचलायला वळली, तेवढ्यात मंदानं ते खायला काढलेलं अंडं उचललं आणि भुशात मधोमध ठेवून दिलं.

पुढचे एकवीस दिवस चांगुणाबाई सुनेशी फार गोड बोलली. मंदाला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

एकविसाव्या दिवशी अंगण बायांनी भरलं. शेजारच्या गऊकाकीनं कोंबडीखाली हात घालून एक अंडं काढलं. ते तिच्या हातातच फटकन फुटलं. सगळ्यांनी नाकाला पदर लावले. दुसरं तसंच निघालं, तिसरंही.

"मिळाला कौल," चांगुणाबाई म्हणाली. तिनं डोळेसुद्धा पुसले. "मंदे, पिशवी भर बाई. तुझ्यात दोष नाही, तुझ्या नशिबात आहे."

हणमंत जमिनीकडेच बघत होता.

तेवढ्यात कोंबडीच्या पोटाखालून चिवचिव ऐकू आली. गऊकाकीनं पंख उचलला. आत एक ओलं पिल्लू होतं. चिखलानं माखलेल्या कवचाचा तुकडा अजून त्याच्या डोक्यावर टोपीसारखा अडकला होता.

चांगुणाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कसं होईल?" ती म्हणाली. "मी तर सगळी धुतली होती."

गऊकाकीनं नाकावरचा पदर काढला आणि तोंडावर धरला.

"काय केलं होतंस, आई?" हणमंतनं विचारलं. आज पहिल्यांदा त्याची मान वर आली होती.

चांगुणाबाई मटकन खाली बसली. "तुझ्यासाठी रे. तुला मिसरूड फुटायच्या वयात गालगुंड झालं होतं. ते खाली उतरलं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, पुढं मूल व्हायला अडचण येऊ शकते. मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्यात उणीव निघाली असती, तर वाडीत तू तोंड कसं दाखवलं असतंस?"

म्हणजे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. चार वर्षं ती सुनेला नवस करायला लावत होती, उपास करायला लावत होती, बारशाला गेली तर मागच्या रांगेत बसवत होती. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतल्या प्रत्येकीनं त्या बारशांत मंदाला मागे सरकायला जागा करून दिली होती.

मंदानं पिल्लू उचललं. त्याच्या डोक्यावरचं कवच तिनं नखानं अलगद काढलं.

"उणीव निघाली तर निघाली, आत्याबाई," ती म्हणाली. "त्यांना कुणी माहेरी पाठवणार नाही. औषध बघू, उपाय विचारू."

हणमंतनं चपला घातल्या. "तालुक्याची गाडी अजून गेली नसेल," तो म्हणाला. "चल."

जाता जाता मंदानं पिल्लू सासूच्या ओंजळीत ठेवलं.

"आम्ही येईपर्यंत एवढं सांभाळा," ती म्हणाली. "फक्त धुवू नका."

तात्पर्य: आपल्या माणसाची उणीव झाकायला जो दुसऱ्याची परीक्षा घेतो, तो परीक्षाही नासवतो आणि उणीवही बरी होऊ देत नाही.